नवा प्लांट नको साहेब, जुना चालवायला माणूस द्या

मा. साहेब आणि मॅडम,

स.न.वि.वि.

हे पत्र कोणा एकाच्या नावाने नाहीये. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या योजना मंजूर करणारे, त्यांची टेंडरं काढणारे, आणि परदेशात शिकायला जाणाऱ्या पोरापोरींच्या शिष्यवृत्तीच्या अटी ठरवणारे, असे तुम्ही जे कोणी आहात त्या सगळ्यांना आहे. तुम्ही वेगवेगळ्या मजल्यांवर बसता, पण आम्हाला चढायला जिना एकच असतो म्हणून एकाच कागदावर लिहितेय.

पत्र लिहिण्यास कारण की मागच्या ग्रामसभेत सांगितलं गेलं, गावाला पाणी शुद्ध करायचा नवीन आरओ प्लांट मंजूर झाला. टाळ्या वाजल्या, मी पण वाजवल्या, सवयीने. मग जागा विचारली तर समाजमंदिराच्या मागे, म्हणजे आधीचा बंद पडलेला प्लांट जिथे उभा आहे त्याच्या भिंतीला भिंत लावून. जुना का बंद आहे विचारलं तर उत्तर मिळालं, "तो जुन्या स्कीममधला आहे, मॅडम." आणि त्याच आठवड्यात माझ्या अर्जाचं उत्तर आलं. मी अर्ज केला होता की मी पाण्याच्या गुणवत्तेत एमएस्सी केलंय, फ्लोराइडवरच थिसिस केलाय, आमच्या आणि आजूबाजूच्या गावांमधले बंद प्लांट चालू करायला आणि चालू ठेवायला मला घ्या, कंत्राटी घ्या, मानधनावर घ्या, पण घ्या. उत्तर दोन ओळींचं होतं. आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, असं पद नाही, सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. कोणत्या कार्यालयाचं ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या कार्यालयात टाकला असता तरी हेच आलं असतं, आकृतिबंध सगळीकडे सारखाच.

तर मशीनला मंजुरी आणि माणसाला दप्तरी दाखल. हे मला गप्प बसून गिळता येईना.

मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडची, पैनगंगेच्या बाजूची. केळापूर, झरी, मारेगाव हा पट्टा तुम्हाला फाइलीतून माहीत असेलच, "फ्लोराइडबाधित" असा शब्द असतो त्यावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाव लिहिलं की तेवढ्या एका गावाला चार दिवस टँकर येतो आणि विषय मिटतो.

आमच्याकडे माणूस हसला की गाव कळतं. दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे, कोणाला खडूसारखे पांढरे ठिपके, कोणाचे कडेने झिजलेले. मला शाळेत कधी काही वाटलं नाही कारण बाकावरच्या सगळ्यांचे तसेच होते. अमरावतीला बीई करायला गेले तेव्हा होस्टेलच्या पहिल्याच रात्री एकीने विचारलं, "खर्रा खातेस का गं तू?" त्या दिवसापासून हसताना हात आपोआप तोंडापुढे जायला लागला तो अजून जातो, हे लिहिताना पण गेला असेल. आजीची गोष्ट वेगळीच होती. तिची पाठ आणि गुडघे असे आखडले की तुळशीला पाणी घालायला तिला वाकता येईना, तांब्या उभ्यानेच लांबून ओतायची. वाताच्या गोळ्या झाल्या, तेल झालं, एकाने शनी सांगितला, पाणी कोणी सांगितलं नाही. तिच्या हयातीत एकदा हापशीला लाल रंग मारून गेले होते, पिण्यास अयोग्य म्हणून. आजी म्हणायची, "लाल रंग त मारला, पन दुसरी हापशी कोठी देली? मंग प्याचं काय?" मी पुढे जेवढं शिकले त्यात हा प्रश्न कोणी याच्यापेक्षा नीट विचारलेला मला सापडला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते (साहेब, तुम्हाला माहीत आहे, तुम्ही पुढे गेलात तरी चालेल). दातांचे पट्टे आणि आखडलेली पाठ, दोन्ही पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे. फ्लोराइड खडकातून पाण्यात येतं. पाणी जितका जास्त काळ खडकात राहिलं, त्यात सोड्याचा अंश जास्त आणि कॅल्शियम कमी असलं, तितकं ते जास्त विरघळतं, म्हणून आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी खोल बोअरला जास्त आणि उथळ विहिरीला कमी असं दिसतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तर जात नाही, उलट पाणी आटून अजून घट्ट होतं. साध्या कॅन्डल फिल्टरने जात नाही, यूव्हीने जात नाही, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून तर नाहीच नाही. आपल्या आयएस १०५०० मानकात एका लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दात तयार होतात ते साधारण आठव्या वर्षापर्यंत, तेवढ्या काळात जे झालं ते झालं, नंतर कितीही शुद्ध पाणी पाजा, पट्टे जात नाहीत. हाडांचं पण तसंच, आखडलेली पाठ परत सुटत नाही. त्यामुळे "पुढच्या आर्थिक वर्षात बघू" असं तुम्ही म्हणता तेव्हा अंगणवाडीतली एक अख्खी बॅच त्यात निघून जाते.

बीईनंतर नागपूरला दोन वर्षं नोकरी केली, पाइपलाइनची डिझाइनं काढायची. तिथे कळलं की नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये आयएचई नावाची संस्था आहे, १९५७ पासून, फक्त पाणी शिकवते, बाकी काही नाही. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले पाणीपुरवठ्यात काम करणारे लोक तिथे शिकायला जातात आणि बरेचसे परत आपापल्या देशात जाऊन तेच काम करतात. मला वाटलं हे तर आपल्यासाठीच आहे. प्रवेश मिळाला, थोडी फी माफ झाली, बाकीच्यासाठी राज्याच्या परदेशी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला घेतला. त्यात अट काय, तर संस्था क्यूएस रँकिंगमध्ये, म्हणजे जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीत, पहिल्या २०० च्या आत पाहिजे. आता गंमत बघा, एकच विषय शिकवणाऱ्या संस्था त्या रँकिंगच्या मुख्य यादीत घेतच नाहीत. म्हणजे आयएचई त्यात दोनशेवी नाही, पाचशेवी नाही, ती यादीतच नाही. त्याच गावातलं दुसरं विद्यापीठ, टीयू डेल्फ्ट, मात्र यादीत वर आहे, तिथे मी काहीही शिकले असते, विमानं बनवायला शिकले असते, तर अट पूर्ण झाली असती. पाणी शिकायचं म्हटलं तर रँकिंगचा रकानाच भरता येईना. हेल्पलाइनवर विचारलं तर समोरचा मुलगा बिचारा म्हणाला, "ताई, रकाना कंपलसरी आहे, शून्य टाकून बघा." शून्य पण घेत नव्हतं.

मग लोन. शेती तारण म्हणून चालत नाही हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं. बाबा सातबारा घेऊन बँकेत गेले आणि सातबारा घेऊन परत आले. शेवटी काकांनी पांढरकवड्यातलं घर तारण लावलं. १८ लाखांचं लोन आहे, महिन्याला २४ हजारांचा हप्ता आहे, आणि काकू मला आजपर्यंत एका शब्दाने काही बोलली नाही, त्यामुळे ते जास्त जड जातं.

डेल्फ्टला पहिल्या दिवशी वर्गात ओळखी चालल्या होत्या, समोरून एक इथिओपियाची मुलगी हसली आणि मी बघतच राहिले, तिचे दात माझ्यासारखे. तिने पण माझे बघितले. ती रिफ्ट व्हॅलीतली, तिथे पण फ्लोराइड, आम्ही एकमेकींना काही विचारायच्या आधीच सगळं कळलं होतं. वर्षभर आम्ही एकाच बाकावर बसलो. तिच्याकडून मला आफ्रिकेतल्या खटपटी कळल्या. टांझानियात अरुशाजवळ एनगुर्दोतोला जनावरांची हाडं भाजून त्यांचा कोळसा करतात आणि त्यातून पाणी गाळतात, फ्लोराइड हाडांना चिकटतं ना, मग हाडांनाच कामाला लावायचं. मी म्हटलं आमच्या गावात हे चालायचं नाही, हाडाचं पाणी म्हटल्यावर निम्मं गाव पिणार नाही, तर ती म्हणाली मग तुमच्याकडे काय आहे? तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमच्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड काढायची पद्धत काढली, नालगोंडा म्हणतात तिला, तुझ्या देशात पण ती वापरून बघितलीय. तिला माहीत होती. तिने विचारलं, मग तुमच्या गावात ती आहे का? नागपूर आमच्यापासून किती लांब आहे हे मी तिला सांगितलं नाही.

तिथे मी पहिले आठ-दहा दिवस दुकानातून बाटल्या विकत आणून प्यायचे. हाउसमेट हसायला लागले, नळाचं पी ना. मला ते जमेना, बाथरूमच्या नळाचं पाणी तोंडाला लावायचं म्हणजे कसं वाटतं. नंतर कळलं त्यांच्या नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास पण नसतो, कारण ते क्लोरीन टाकतच नाहीत, नळापर्यंत पाणी इतकं चोख नेतात की गरजच पडत नाही. पण मला तिथलं जे लागलं ते वेगळंच. एकदा आम्हाला हेगजवळ समुद्राकाठी वाळूच्या टेकड्यांवर नेलं. नदीचं पाणी लांबून पाइपने आणतात, आधी जरा साफ करून त्या वाळूत मुरवतात, आणि दोनेक महिन्यांनी खालून काढून परत गाळतात. ते दाखवणारा माणूस ऑपरेटर होता, साहेब. इंजिनिअर नाही, प्रोफेसर नाही, ऑपरेटर. वीस-बावीस वर्षं तेच काम. कुठला पंप कोणत्या महिन्यात कुरकुरतो ते त्याला आवाजावरून कळायचं, रोजचे आकडे तो वहीत वेगळे लिहायचा, कॉम्प्युटरवर असले तरी. आमच्यातल्या एकाने विचारलं हा प्लांट किती वर्षं टिकेल, तर त्याला प्रश्नच कळला नाही. टिकेल म्हणजे काय, आम्ही आहोत ना इथे, असं म्हणाला.

मला त्या क्षणी आमच्या समाजमंदिरामागचा प्लांट आठवला. त्याच्यावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी आहे, त्यावर बारा नावं आहेत, आणि त्यात तो चालवणाऱ्याचं नाव नाही कारण तसा कोणी नव्हताच.

अजून एक सांगते मग मुद्द्यावर येते. मार्च २०२३ मध्ये मला पोस्टाने मतदानाचं कार्ड आलं. मला वाटलं चुकून आलं, मी तर परदेशी, विद्यार्थी व्हिसावरची. पण ते पाणी मंडळाच्या निवडणुकीचं होतं. तिथे पाण्याची २१ मंडळं आहेत, पूर सांभाळायचा, कालवे सांभाळायचे, सांडपाणी शुद्ध करायचं, त्यांचा कर वेगळा आणि निवडणूक वेगळी, आणि तिथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसाला पण मत देता येतं. मी जाऊन मत देऊन आले. माझ्या स्वतःच्या गावात पाण्याची समिती आहे, तिच्यात माझी काकू सदस्य आहे, हे काकूला मी परत आल्यावर सांगितलं. सही तिचीच होती कागदावर.

तिथे शिक्षण झाल्यावर एक वर्ष नोकरी शोधायला थांबता येतं, झूकयार म्हणतात. वर्गातले बरेच थांबले, मी त्यांना अजिबात नावं ठेवत नाही, हप्ते सगळ्यांनाच असतात. मी ऑक्टोबरमध्ये परत आले. घरचे सोडून ज्याला त्याला वाटलं काहीतरी बिनसलं असणार. एका कार्यालयात तर साहेबांनी चहा पाजून विचारलं, "मॅडम, तिकडे चान्स होता तर इकडे काय करताय?" चांगल्या मनाने विचारलं होतं म्हणून जास्त लागलं.

आता तक्रारी. मी आल्यापासून दुचाकीवर आमच्या आजूबाजूची गावं फिरलेय, त्यातून जे दिसलं ते लिहिते.

पहिली, आणि सगळ्यात मोठी, बंद प्लांट. प्रत्येकाची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच आहे. उद्घाटन होतं, ५ रुपयाला २० लिटरचं कार्ड मिळतं, पहिलं वर्ष ठेकेदाराचा मुलगा येऊन बघून जातो. आमच्या पाण्यात क्षार फार, त्याने मेम्ब्रेन म्हणजे आतले गाळायचे पडदे चोंदतात, त्यासाठी केमिकल टाकायचं असतं ते महाग म्हणून टाकत नाहीत. मेम्ब्रेन बदलायचं तर ग्रामपंचायतीकडे त्या नावाचा पैसा नाही. विजेचं बिल थकतं. मग एक दिवस फक्त पंप चालतो आणि पाणी मेम्ब्रेनला बगल देऊन तसंच नळातून येतं, लोक ५ रुपये टाकून बोअरचंच पाणी नेतात, आणि हे मी स्वतः पाणी तपासायच्या किटने तपासलंय म्हणून सांगतेय, आत आणि बाहेर एकच रंग आला. त्यानंतर कधीतरी कुलूप. जिथे आरओऐवजी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना (फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे) बसवलाय तिथे तर मशीन बिघडत पण नाही, आतला माल भरून जातो आणि पाणी पहिल्यासारखंच छान पांढरंशुभ्र येत राहतं, फ्लोराइडसकट. तो माल कॉस्टिक आणि आम्लाने धुऊन परत वापरता येतो, पण धुवायचा कोणी, कधी, आणि धुतलेलं पाणी टाकायचं कुठे हे ज्याला माहीत आहे असा माणूस त्या गावात नाही. आणि आरओचं फेकायचं पाणी, ज्यात सगळं फ्लोराइड गोळा झालेलं असतं, ते मागच्या नालीत सोडतात, नाली नाल्याला, आणि नाल्याकाठी गावची जुनी विहीर. हे डिझाइन कोणी पास केलं असेल त्यांनी एकदा येऊन उभं राहून बघावं एवढंच म्हणते.

दुसरी तक्रार आकड्यांची. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, प्रत्येक घरी नळ, माणशी रोज ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचं. २०२४ ची मुदत होती ती आता २०२८ केलीय. आमच्या घरी नळ आलाय, खोटं कशाला बोलू, आईची डोक्यावरची घागर उतरली आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण नळाच्या त्या टोकाला बोअर तोच आहे ज्याच्या हापशीला लाल रंग मारला होता. तेच पाणी आता टाकीत चढतं आणि उतरतं. कागदावर मात्र घर "नळजोडणी असलेलं" म्हणून मोजून झालं. आणि ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड आहे, ते भिंतीवर लावलंय. हिरवं कार्ड मुख्यतः स्रोताभोवतीची स्वच्छता, टीसीएल, साथरोग हे बघून देतात, ते बरोबरच आहे, पण गावातल्या माणसाला कार्ड हिरवं म्हणजे पाणी चांगलं एवढंच कळतं. सरपंचताई मला म्हणाल्या, "अगं हिरवं कार्ड आहे आपल्याला, तू कायले लोकायले भेव दाखवतेस?" मी काय उत्तर देणार.

तिसरी छोटीच आहे. नमुने नेतात, रिपोर्ट गावात येत नाही. पोर्टलवर आहे म्हणतात, ते इंग्रजीत. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा होते, ती पावसाळ्यानंतर झाली तर पाणी जरा बरं दिसतं, आणि मे महिन्यात पितो ते पाणी कोणी तपासलेलंच नसतं. गावात पाच बायांना किट वापरायचं ट्रेनिंग दिलंय, चांगली योजना आहे, पण आमच्या किटमधली बाटली केव्हाच एक्स्पायर झालेली. काकू म्हणाली, "आमी त रोज पिवळाच रंग पायतो, आमाले वाटलं पिवळा म्हंजे बेस." पिवळा म्हणजे जास्त फ्लोराइड हे त्यांना कोणी नीट सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं आणि दोन वर्षांत विसरल्या, त्यांची काय चूक.

चौथी शाळेची. दुपारची खिचडी बोअरच्याच पाण्यात शिजते. त्या वयात दात बनत असतात. यावर अजून काही लिहीत नाही.

पाचवी आमच्यासारख्यांची. तुम्ही एकीकडे म्हणता पोरं बाहेर जाऊन शिकतात आणि परत येत नाहीत. मग शिष्यवृत्तीची अट अशी ठेवता की पाणी शिकायला जाणाऱ्याला ती लागूच होत नाही, आणि कर्ज काढून जाऊन जो परत येतो त्याला सांगता पद नाही. मोठ्या कन्सल्टन्सीमार्फत आले असते तर मला डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा अहवाल, लिहायला मिळाला असता, नव्या प्लांटचा. ऑफर होती पण. दिवसाचे पैसे पण बरे होते. मी नाही म्हटलं आणि त्या रात्री हप्त्याचा मेसेज आला, जराशी रडले पण.

एक कबूल करते. तुमच्यातल्या कनिष्ठ अभियंत्यांकडे किती गावं असतात ते मी बघितलंय, एक माणूस आणि दुचाकी आणि दिवसाला सतरा फोन, त्यात जिल्ह्याच्या मीटिंगा. ते कामचुकार आहेत असं मी म्हणत नाहीये. त्यांना बांधकामाचं टार्गेट आहे, चालवण्याचं टार्गेट कोणालाच नाही, एवढंच म्हणतेय. खर्च पण मला कळतो. म्हणूनच नवीन प्लांट नको म्हणतेय.

आता मागण्या, साध्या भाषेत.

फ्लोराइडबाधित गावांचा दहा-बारा गावांचा एक गट करा आणि त्या गटाला एक पाणी-गुणवत्ता माणूस द्या, पगारी, निदान पाच वर्षांसाठी. मीच पाहिजे असं नाही. आमच्या तालुक्यातले आयटीआय झालेले पोरं आहेत, केमिस्ट्रीत बीएस्सी झालेल्या पोरी घरी बसून आहेत, सहा महिन्यांत मी त्यांना शिकवते, त्याचे पैसे पण मागत नाही. पदाचं नाव काहीही ठेवा, आकृतिबंधात बसवा. गावचं पाणी बघणाऱ्या सध्याच्या जलसुरक्षकाला जे तुटपुंजं मानधन मिळतं त्यात हे काम होणार नाही हे आधीच सांगते.

नवीन प्लांटला मंजुरी द्यायच्या आधी त्याच गावातला जुना का बंद पडला याचं एक पान लेखी लिहून ग्रामसभेत वाचून दाखवा. एकच पान. आणि नवीन टेंडर काढलंच तर उभारणीच्या रकमेबरोबर मेम्ब्रेन, मीडिया (आतला माल), वीज, ऑपरेटर यांची पाच वर्षांची रक्कम वेगळी बांधून ठेवा, ती दुसरीकडे वळवता येणार नाही अशी. फेकायच्या पाण्याची सोय नकाशावर दाखवल्याशिवाय पैसे सोडू नका.

प्रत्येक वेळी अजून खोल बोअर मारण्याआधी गावातल्या जुन्या उथळ विहिरी तपासा. काही ठिकाणी विहिरीचं पाणी मर्यादेत आहे, तिच्याभोवती पावसाचं पाणी मुरवलं तर ती उन्हाळ्यात पण तगेल. सगळ्या कामाला नाही पुरणार, पण पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ८-१० लिटर लागतं, तुमच्याच नियमात बाधित गावांसाठी तेवढं आधी द्या असं लिहिलंय. तेवढं तरी द्या, आणि सुरुवात शाळा आणि अंगणवाडीपासून करा, बाकी गावाचं मागून झालं तरी मी भांडणार नाही.

तपासणीचा आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगाने लिहा, मराठीत, हिरव्या कार्डाच्या शेजारी. तारीख, स्रोत, फ्लोराइड किती, मर्यादा किती. वर्षातून दोनदा, त्यातली एक तपासणी उन्हाळ्यात.

आणि शिष्यवृत्तीवाल्यांना, पाणी, माती, सार्वजनिक आरोग्य अशा विषयांसाठी रँकिंगची अट काढा किंवा त्या विषयातल्या नावाजलेल्या संस्थांची वेगळी यादी करा. परत येऊन जिल्ह्यात तीन वर्षं काम करायची अट घाला हवं तर, आनंदाने सही करतील पोरं, फक्त काम द्या म्हणजे झालं. मला आता त्याचा काही उपयोग नाही, माझं लोन माझ्या डोक्यावर आहेच. पण आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा यंदा फॉर्म भरतोय, त्याला तो रकाना लागणार आहे.

मी अजून गावातच आहे. दर सोमवारी बाजाराच्या दिवशी सकाळी ९ ते १२ समाजमंदिराच्या पायरीवर किट घेऊन बसते, ज्याला आपल्या विहिरीचं पाणी तपासायचंय तो बाटली घेऊन येतो. मागच्या सोमवारी अकरा बाटल्या आल्या, त्यातल्या दोन विहिरी चांगल्या निघाल्या, त्यातली एक गावात कोणी वापरतच नव्हतं कारण तिच्यात कबुतरं होती. या शनिवारी आम्ही पोरं मिळून ती उपसणार आहोत.

तुमच्यापैकी कोणी आलं तर बरं होईल. जुन्या प्लांटची चावी सरपंचताईंच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली आहे, आदल्या दिवशी कळवलंत तर मी आणून ठेवते.

आपली,
पैनगंगेकाठची एक पाणीवाली